सोलापूर-पुणे अंतरही वाढतंय का?

वाचकांचं पत्र:

"मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत नववीला विज्ञान शिकवते. 'विश्व प्रसरण पावत आहे' एवढं एक वाक्य वर्गात बोलले आणि मुलांनी प्रश्नांचा भडिमार केला. मग सोलापूर-पुणे अंतरही वाढतंय का? विश्वाचा मध्य कुठं? ते कशात पसरतंय, बाहेर काय आहे? फुग्यावर स्केचपेननं दीर्घिका काढून फुगा फुगवला, तर मुलं म्हणाली, 'बाई, दीर्घिकापण मोठ्या होतायत की!' मला उत्तर देता आलं नाही. खरी काळजी वेगळीच आहे. वर्गातल्या एका हुशार मुलानं मोबाइलवर व्हिडिओ बघून मनाशी धरलंय, की शेवटी सगळं विश्व काळोखात जाणार, अणूसुद्धा फाटणार, मग अभ्यास कशाला करायचा? वही उघडत नाही. त्याची आई टॉवेल शिवायच्या कामाला जाते. ती शाळेत येऊन रडली. मुख्याध्यापकांनी मला दोन तासिका आणि दिवाळीनंतर आकाशदर्शनासाठी एक संध्याकाळ दिली आहे. काय करू, कसं करू, नेमकं सांगा."
– विज्ञान शिक्षिका, सोलापूर

नमस्कार मॅडम,

फुग्यातली खोट मुलांनी पकडली, हे फार चांगलं झालं. स्केचपेननं काढलेली दीर्घिका हा रबराचाच भाग होतो, म्हणून ती रबराबरोबर ताणली जाते. खऱ्या दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे समूह, ताणल्या जात नाहीत. त्या आहेत तेवढ्याच राहतात, त्यांच्यामधलं अंतर वाढतं. शिवाय फुग्याला आत असतं, बाहेर असतं, हवा भरायचं तोंड असतं. 'बाहेर काय आहे' हा प्रश्न निम्मा तरी त्या फुग्यानंच मुलांच्या डोक्यात घातलेला असतो. म्हणून पहिल्या तासिकेला फुगा आणूच नका, इलास्टिक आणा.

शिलाईच्या सामानाच्या दुकानातून एक इंच रुंदीचं, कमरपट्ट्याला घालतात ते इलास्टिक सव्वा मीटर घ्या आणि दोन भोकांची चपटी बटणं नऊ. इलास्टिक टेबलावर न ताणता पसरा. एका टोकाला २० सेंटिमीटर धरायला सोडून पहिलं बटण लावा, मग दर १० सेंटिमीटरला एक. नववं बटण पहिल्यापासून ८० सेंटिमीटरवर येईल आणि दुसऱ्या टोकालाही धरायला जागा उरेल. बटण टाकताना टाके इलास्टिकच्या रुंदीच्या दिशेनं घाला. लांबीच्या दिशेनं घातले तर दोरा इलास्टिकला तिथंच जखडून ठेवतो आणि अंतरं सारखी वाढत नाहीत. हा प्रयोग बिघडतो तो बहुतेक वेळा इथंच. बटणांना १ ते ९ आकडे द्या.

दोन मुलांनी दोन टोकं धरायची, तिसऱ्यानं शिलाईची टेप, चौथ्यानं मोबाइलचं घड्याळ. पाच सेकंदांत, एकसारख्या गतीनं, पहिल्या आणि नवव्या बटणातलं अंतर ८० वरून १२० सेंटिमीटरवर न्यायचं. आधी दोनदा रंगीत तालीम करा, कारण मुलं पहिल्यांदा हिसका देतात. १२० च्या पुढं ताणू नका. स्वस्तातलं इलास्टिक एकदा जास्त ताणलं गेलं की पूर्ववत होत नाही आणि पुढच्या गटाची मापं चुकतात. दोन्ही टोकं ओढणं महत्त्वाचं आहे. एक टोक स्थिर ठेवलं तर मुलांना वाटतं की तेच विश्वाचं केंद्र.

आता मोजायला लावा. पहिल्या बटणावर 'आपण' आहोत. दुसरं बटण १० वरून १५ सेंटिमीटरवर गेलं, म्हणजे सेकंदाला १ सेंटिमीटर. तिसरं २० वरून ३० वर, सेकंदाला २. नववं ८० वरून १२० वर, सेकंदाला ८. जो दुप्पट लांब, तो दुप्पट वेगानं लांब जातो. अंतर आणि वेग यांचा आलेख काढला की सरळ रेषा येते. मग 'आपण' पाचव्या बटणावर आहोत असं धरून तीच मापं पुन्हा घ्या. दोन्ही बाजूंची बटणं आपल्यापासून पळतात आणि नियम तोच निघतो. सातव्यावरून घ्या, तरी तोच. 'मध्य कुठं?' या प्रश्नाचं उत्तर मुलं स्वतःच देतील: प्रत्येकाला आपणच मध्यात आहोत असं दिसतं, म्हणून मध्य कोणीच नाही. फक्त एवढं सांगा, की इलास्टिकला टोकं आहेत, विश्वाला टोक असल्याचा काहीही पुरावा नाही.

इथं थांबू नका. ताणून झाल्यावर विचारा: दुसरं बटण १५ सेंटिमीटरवर आहे आणि सेकंदाला १ सेंटिमीटरनं जातंय, तर ते आपल्याजवळ किती वेळापूर्वी होतं? १५ सेकंद. नववं १२० वर आहे, वेग ८. पुन्हा १५ सेकंद. सगळी बटणं एकच वेळ सांगतात. आता हीच रीत खऱ्या विश्वाला लावा. दर मेगापार्सेकमागं, म्हणजे दर ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षांमागं, दूर जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७० किलोमीटरनं वाढतो. एक मेगापार्सेक म्हणजे ३.०९ गुणिले १० चा १९ वा घात, एवढे किलोमीटर. त्याला ७० नं भागा, वर्षात ३.१६ कोटी सेकंद असतात त्यांनी पुन्हा भागा. उत्तर येतं सुमारे १४ अब्ज वर्षं. विश्वाचं वय आज १३.८ अब्ज वर्षं मानलं जातं. वेग कायम सारखा नव्हता. आधी गुरुत्वामुळे प्रसरण मंदावत होतं, गेली पाच-सहा अब्ज वर्षं ते वाढत्या वेगानं होतंय. हे दोन्ही परिणाम जवळपास एकमेकांना भरून काढतात म्हणून नववीच्या भागाकारानंही उत्तर इतकं जवळ येतं. हा भागाकार फळ्यावर तुम्ही करू नका, मुलांनाच करू द्या.

एडविन हबल या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञानं १९२९ साली हाच आलेख पहिल्यांदा खऱ्या दीर्घिकांचा छापला, तेव्हा त्याचा आकडा ७० नव्हता, सुमारे ५०० होता. त्यावरून विश्वाचं वय निघत होतं २ अब्ज वर्षं, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने निघू लागले. चूक वेगात नव्हती. वेग वर्णपटावरून, म्हणजे प्रकाश रंगांत विभागून मिळणाऱ्या पट्ट्यावरून मिळतो, तो भरवशाचा असतो. चूक अंतरात होती. ज्या रूपविकारी, म्हणजे तेज ठरावीक काळानं कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांवरून अंतर काढत होते, त्यांचे दोन वेगवेगळे प्रकार आहेत हे तोवर कळलं नव्हतं. शिवाय दूरच्या दीर्घिकांमधले चमकते वायूमेघ एकेकटे तारे समजले गेले होते. १९५२ साली वॉल्टर बाडे या खगोलशास्त्रज्ञानं पहिली चूक दुरुस्त केली आणि अंतरं एकदम दुप्पट झाली. विश्वशास्त्रात घोटाळा होतो तो बहुधा अंतर मोजण्यात. आजही याच आकड्यावर वाद आहे: विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या प्रकाशावरून हा आकडा ६७ च्या आसपास येतो, जवळच्या दीर्घिकांवरून ७३ च्या आसपास. दोन्ही गट काटेकोर आहेत आणि तरी जमत नाही. हे मुलांना आवर्जून सांगा.

वेग कसा मोजतात तेही एका उदाहरणात होतं. वर्णपटात हायड्रोजनची एक तांबडी रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर असते. एखाद्या दीर्घिकेच्या प्रकाशात ती ६८९.१ वर सापडली, तर तरंगलांबी ५ टक्के वाढली. प्रकाशाच्या वेगाचे ५ टक्के म्हणजे सेकंदाला १५,००० किलोमीटर. त्याला ७० नं भागलं की २१४ मेगापार्सेक, म्हणजे सुमारे ७० कोटी प्रकाशवर्षं. आणखी दोन गणितं याच धर्तीवर घाला, पुरे.

'कशात पसरतंय?' हे मुलांना जड जातं, पण फळ्यावरची संख्यारेषा कामाला येते. ०, १, २, ३ अशा न संपणाऱ्या संख्या लिहा. प्रत्येकीला दोननं गुणा: ०, २, ४, ६. शेजारच्या दोन संख्यांमधलं अंतर दुप्पट झालं. त्यासाठी रेषेबाहेर जास्तीची जागा लागली का? नाही. प्रसरण म्हणजे अंतरं वाढणं. विश्व कशाच्या तरी आत ठेवलेलं आहे आणि तिथं सरकतंय, असं गणित कुठंही म्हणत नाही. कोणी विचारेल की १४ अब्ज प्रकाशवर्षांच्या पलीकडच्या दीर्घिका मग प्रकाशाहून वेगानं लांब जातात का? हो, जातात. त्यात आइनस्टाइनच्या सापेक्षतेचा भंग होत नाही, कारण कोणतीही वस्तू आपल्या शेजारून जाणाऱ्या प्रकाशाला मागं टाकत नाही.

आता सोलापूर-पुणे. हा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, कारण त्याचं उत्तर आकड्यात देता येतं. ७० या आकड्याचा अर्थ असा होतो, की प्रसरणात सामील असलेलं कोणतंही अंतर वर्षाला स्वतःच्या सुमारे १४ अब्जाव्या भागानं वाढतं. सोलापूर ते पुणे २५० किलोमीटर धरा. ते सामील असतं तर वर्षाला ०.०१८ मिलिमीटर वाढलं असतं. दीड मीटर उंचीचं मूल वर्षाला एका अणूच्या रुंदीएवढं उंच झालं असतं. पृथ्वी-सूर्य अंतर वर्षाला १० मीटरहून थोडं जास्त वाढलं असतं, आणि ते आपल्याला केव्हाच सापडलं असतं, कारण ग्रहांची अंतरं रडारनं आणि यानांच्या संदेशांवरून मीटरांपर्यंत मोजली जातात. तशी वाढ दिसत नाही.

कारण असं की प्रसरण हा काही वस्तूंना ओढणारा जोर नाही. 'अवकाश ओढतंय आणि गुरुत्व अडवतंय' अशी रस्सीखेच चालू आहे, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते वर्गात सांगू नका. जिथं सुरुवातीला पदार्थ थोडा जास्त दाट होता, तिथं तो अब्जावधी वर्षांपूर्वीच लांब जायचा थांबला, परत जवळ आला आणि गुरुत्वानं बांधला गेला. आकाशगंगा अशीच बनली. तिच्या आत प्रसरण उरलेलंच नाही. जमीन, रेल्वेचे रूळ, आपलं शरीर यांना तर अणूंमधली विद्युत बलं धरून ठेवतात. साधारण तीस-चाळीस लाख प्रकाशवर्षांच्या पलीकडे गेल्यावरच प्रसरणाचा हात वर होतो.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. एखादं वाचणारं मूल म्हणेल, 'पण बाई, चंद्र तर लांब जातोय!' चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटरनं दूर जातो, हे खरं आहे. अपोलोच्या यात्रींनी तिथं ठेवलेल्या आरशांवर लेसर सोडून ते मोजलंय. आणि योगायोग असा, की चंद्राचं अंतर वरच्या हिशेबात घातलं तर २.७ सेंटिमीटर येतात. आकडे जवळचे दिसतात म्हणून फसायला होतं. चंद्र दूर जातो तो भरती-ओहोटीमुळे. पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं कणाकणानं मंदावतं आणि ती गती चंद्राच्या कक्षेत जाते. विश्वाच्या प्रसरणाशी त्याचा काही संबंध नाही.

एवढ्यात दोन्ही तासिका भरतील. वेळ उरलाच तर जयंत नारळीकरांविषयी बोला. कोल्हापुरात जन्मलेल्या या शास्त्रज्ञानं फ्रेड हॉईल यांच्याबरोबर स्थिरस्थिती विश्वाचा सिद्धांत पुढं नेला आणि महास्फोटाच्या (बिग बँगच्या) कल्पनेवर मे २०२५ मध्ये निधन होईपर्यंत शंका घेतल्या. मुलांना वाटतं की जो महास्फोट मानत नाही तो प्रसरणही मानत नाही. तसं नाही. स्थिरस्थिती सिद्धांतातही विश्व प्रसरण पावतंच. वाद होता तो विश्वाला आरंभ आहे की नाही, यावर.

आता त्या मुलाबद्दल. त्याला 'असले विचार सोड आणि अभ्यास कर' असं कृपा करून कोणीही म्हणू नका. त्यानं एका खऱ्या प्रश्नाला हात घातलाय आणि त्याला अर्धवट उत्तरं मिळालीत. शाळा सुटल्यावर अर्धा तास त्याच्याजवळ बसा, वर्गासमोर नको. तो बघतो त्यातला एक व्हिडिओ दोघं मिळून बघा आणि कागदावर तीन रकाने करा: मोजलेलं, मोजलेल्यावरून गणितानं काढलेलं, आणि नुसती शक्यता. व्हिडिओतलं एकेक वाक्य त्यानंच योग्य रकान्यात टाकायचं. असे व्हिडिओ बनवणारे तिन्ही गोष्टी एकाच घोगऱ्या आवाजात सांगतात, म्हणून त्या सारख्याच खऱ्या वाटतात.

'प्रसरणाचा वेग वाढतोय' हे पहिल्या रकान्यात जाईल. १९९८ साली दोन स्वतंत्र गटांना दूरचे अतिनवतारे (स्फोट होणारे तारे, सुपरनोव्हा) अपेक्षेपेक्षा मंद दिसले, त्यातून ते कळलं. २०११ चं नोबेल त्यालाच मिळालं. 'अणू फाटणार' हे तिसऱ्या रकान्यातलं आहे. ही कल्पना ज्या शोधनिबंधामुळे गाजली तो २००३ सालचा आहे. त्यात कृष्ण ऊर्जा, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढवणारी अज्ञात ऊर्जा, काळाबरोबर दाट होत जाते असं गृहीत धरलंय, आणि एक टोकाचा आकडा घेतल्यावरही शेवट सुमारे २२ अब्ज वर्षांनी येतो. मोजमापं त्या टोकाच्या आकड्याच्या बाजूनं नाहीत. ॲरिझोनातल्या डेसी या उपकरणानं २०२४ आणि २०२५ मध्ये दिलेल्या निष्कर्षांत तर उलट, कृष्ण ऊर्जा हळूहळू क्षीण होत असावी असे इशारे आहेत. ते अजून पक्के नाहीत. पण ज्या गोष्टीला तो मुलगा घाबरलाय, ती या घडीला सगळ्यात कमी आधाराची आहे.

मग त्याच्याबरोबर काळाची पट्टी काढा. आपली मानवजात सुमारे ३ लाख वर्षं जुनी आहे, लेखन ५ हजार वर्षांच्या आसपास. सूर्य सावकाश प्रखर होतोय. साधारण १ अब्ज वर्षांनी तो आजच्यापेक्षा १० टक्के तेजस्वी होईल आणि पृथ्वीवरचे समुद्र टिकणं कठीण होईल. ५ अब्ज वर्षांनी तो तांबडा राक्षसी तारा बनेल. शेजारची देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका आपल्या आकाशगंगेवर येऊन धडकेल असं बरीच वर्षं ठामपणे सांगितलं जायचं. २०२५ मध्ये नव्यानं केलेल्या हिशेबात पुढच्या १० अब्ज वर्षांत तसं होण्याची शक्यता निम्मीच निघाली. आपल्या शेजारच्या गटाबाहेरच्या सगळ्या दीर्घिका नजरेआड जायला १०० अब्ज वर्षांहून जास्त काळ लागेल. छोटे तारे त्यानंतरही जळत राहतील. या रांगेत प्रसरण सगळ्यात शेवटी उभं आहे. माणसाचं जे काही बरं-वाईट व्हायचं ते त्याच्या कितीतरी आधी होईल, आणि बरंचसं माणसांच्याच हातून.

प्रसरणानं माणसाच्या कक्षेतून काही काढून घेतलंय, हेही त्याच्यापासून लपवू नका. सुमारे १६-१७ अब्ज प्रकाशवर्षांच्या पलीकडच्या दीर्घिकांकडे आज प्रकाशाचा किरण पाठवला तरी तो कधीच पोचणार नाही. आपल्याला तत्त्वतः दिसू शकणाऱ्या विश्वाचा जवळपास ९५ टक्के भाग असा हातचा गेलेला आहे. ऐकायला भयंकर वाटतं. पण १९७७ साली निघालेलं व्हॉएजर-१ हे यान सेकंदाला १७ किलोमीटरनं जातंय. त्या वेगानं सगळ्यात जवळच्या ताऱ्याएवढं अंतर कापायलाच सुमारे ७५ हजार वर्षं लागतील. आपल्याला अडवतंय ते प्रसरण नव्हे, आपला वेग. एकट्या आकाशगंगेत १०० अब्जांहून जास्त तारे आहेत आणि ती आपल्यापासून कोणी लांब नेत नाहीये.

'मग अभ्यास कशाला' याचं आम्हाला पटलेलं उत्तर इथंच आहे. प्रसरण माणसाला चिरडत नाही. ते हळूहळू पुरावा पुसत नेतं. शेकडो अब्ज वर्षांनी कोणी आकाशाकडे पाहिलं तर त्याला फक्त स्वतःची दीर्घिका दिसेल आणि भोवती रिकामा अंधार. सुरुवातीच्या विश्वाचा जो प्रकाश आज २.७ केल्विनचं सूक्ष्मतरंगी (मायक्रोवेव्ह) प्रारण म्हणून पकडता येतो, तोही इतका ताणला गेलेला असेल की मोजता येणार नाही. विश्व पसरतंय हे त्याला कितीही हुशार असला तरी कळायचा मार्ग उरणार नाही. आपल्याला तो मार्ग आहे. विश्वाला इतिहास आहे, हे आकाशात वाचता येतं अशा काळात तो मुलगा नववीत आहे. आणि हे वाचायला माणसांना काय लागलं, तेही सांगा: व्हेस्टो स्लायफर या खगोलशास्त्रज्ञानं १९१२ पासून एकेका दीर्घिकेच्या वर्णपटासाठी कित्येक रात्री उघड्या ठेवलेल्या दुर्बिणी, आणि हेन्रिएटा लेव्हिटनं काचेच्या छायाचित्रपट्ट्यांवर ठिपके मोजून १९१२ साली छापलेला २५ रूपविकारी ताऱ्यांचा तक्ता. अंतर मोजायची पट्टी त्या पंचवीस ताऱ्यांवरून मिळाली. लेव्हिटला तासावर पगार मिळायचा.

तरीही एक गोष्ट विश्वशास्त्राच्या बाहेरची बघा. तो झोपतो का, जेवतो का, मित्रांत मिसळतो का? दोन आठवड्यांहून जास्त काळ मन असंच खाली असेल, किंवा मरण्याविषयी तो बोलत असेल, तर मूळ कारण विश्वाचा शेवट नसून दुसरं काही असू शकतं. मरणाचं बोलणं ऐकलं तर दोन आठवडे थांबायचंही नाही, त्याच दिवशी हालचाल करायची. मानसिक आरोग्यासाठीच्या 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी, मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागातही नेता येईल. त्याच्या आईला हे सगळं सांगताना तेलुगू जास्त सोयीचं असेल तर तेलुगू बोलणाऱ्या सहशिक्षिकेला बरोबर घ्या, आणि 'मुलाला वेड लागलंय' असा अर्थ त्यांच्यापर्यंत जाणार नाही याची काळजी घ्या. आकाशदर्शनाच्या तयारीत त्याला ठरावीक काम द्या. देवयानी शोधून दाखवण्याचं काम त्याचंच असू दे.

आता ती संध्याकाळ. दिवाळीची अमावास्या नको, फटाक्यांचा धूर लगेच खाली बसत नाही. तिच्यानंतरची कार्तिक अमावास्या धरा. अमावास्येआधीचे सहा-सात दिवस आणि नंतरचे दोन-तीन दिवस संध्याकाळी चंद्राचा त्रास नसतो, त्यातला शनिवार निवडा. शहरातून देवयानी दिसत नाही. तुळजापूर किंवा बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर बाहेर जा, म्हणजे शहराचा उजेड पाठीमागं राहतो आणि बघायची ईशान्य-उत्तर बाजू काळी मिळते. होटगीकडे जाऊ नका, तिथं कारखान्यांचे आणि वीज प्रकल्पाचे दिवे आहेत. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात रात्री शिरायचं नाही. ओळखीच्या गावातलं शाळेचं मैदान सगळ्यात बरं. शेतात बसायचं तर आधी मालकाला विचारा, त्या दिवसांत ज्वारी उभी असते. उसाचे ट्रॅक्टर रात्री बिनदिव्याचे येतात, म्हणून बस रस्त्यापासून आत उभी करा आणि मुलांना रस्त्याच्या विरुद्ध बाजूनं उतरवा. पालकांची लेखी संमती, दोन शिक्षिका, बूट, पाणी. बसायला नव्हे, आडवं व्हायला चादरी न्या, कारण जे बघायचंय ते जवळपास माथ्यावर आहे आणि मान वर करून दुर्बीण धरली की दोन मिनिटांत हात थरथरतात.

दुर्बीण ७×५० किंवा १०×५० ची (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा). टॉर्चला तांबडा जिलेटिन कागद दोन पदरी लावा. मोबाइल पिशवीत. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात आणि एका मुलानं स्क्रीन पेटवला की शेजारच्यांची वीस मिनिटं पुन्हा सुरू होतात.

साडेसातला माथ्याजवळ चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल, पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदेचा. त्याचा ईशान्येकडचा कोपरा पकडा. तिथून ईशान्येकडेच ताऱ्यांची ओळ जाते. कोपरा सोडून दुसरा तारा मिराक, बऱ्यापैकी ठळक आणि किंचित तांबूस. मिराकवर काटकोनात वळा, शर्मिष्ठेच्या तिरक्या इंग्रजी डब्ल्यूच्या बाजूला. थोड्या थोड्या अंतरावर दोन मंद तारे लागतील. दुसऱ्याच्या अगदी शेजारी जो धुरकट लांबट डाग, ती देवयानी, क्षितिजापासून ५५ अंशांहून वर. सरळ बघून दिसत नसेल तर नजर जराशी बाजूला ठेवा, डोळ्याची कड अंधुक उजेड जास्त टिपते. छायाचित्रातली रंगीत चक्री दिसणार नाही, हे बसमध्येच सांगून ठेवा, नाहीतर मुलं हिरमुसतात.

त्या डागाचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय, तेव्हा आपली मानवजात पृथ्वीवर नव्हती. पण एक गोष्ट सरळ सांगून टाका: ही दीर्घिका लांब जात नाही, जवळ येतेय. तिची ती हायड्रोजन रेषा ६५६.३ ऐवजी ६५५.६ च्या आसपास सापडते, म्हणजे आपल्या दिशेनं सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर. त्यातला मोठा भाग आपल्या सूर्याच्याच आकाशगंगेभोवती फिरण्याचा आहे. तो वजा केला तरी सुमारे ११० उरतात. दोन्ही दीर्घिका गुरुत्वानं एकमेकींना बांधलेल्या आहेत, सोलापूर-पुण्याच्या गणितात जे आलं तेच इथं. प्रसरण नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, त्याला दूरच्या दीर्घिका आणि वर्णपट लागतो. ही संध्याकाळ पुराव्यासाठी नाही, अंतराचा अंदाज यावा म्हणून आहे.

ढग आले तर मार्गशीर्ष अमावास्येचा आठवडाही चालेल. तेव्हा साडेसातला देवयानी बरोबर उत्तरेकडे, माथ्याच्या थोडी खाली असेल आणि चौकोन पश्चिमेला कललेला. त्यानंतर जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची यात्रा लागते आणि बस मिळणं मुश्कील होतं, म्हणून दोन्ही तारखा मुख्याध्यापकांकडून आत्ताच मंजूर करून घ्या.